पॅकेट ट्रेसर कुठवर पुरतं आणि वायरशार्क कधी उघडायचं

नेटवर्किंग शिकायला बसलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ओएसआयच्या सात थरांचं कोष्टक पाठ करायला लावतात. नावं घडाघडा म्हणता येतात, तोंडी परीक्षेतले दोन मार्कही मिळतात. पण नुकत्याच चालू केलेल्या पीसीवरून शेजारच्या पीसीला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का’ अशी हाक दिली, तर तारेवर सगळ्यात आधी काय जातं, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. (पिंग नाही. एआरपी, म्हणजे ‘या आयपी पत्त्याच्या कार्डाचा मॅक पत्ता काय’ ही विचारणा.) पाठ केलेलं कोष्टक आणि तारेवरची हकिकत यांची गाठ घालून देणारी दोन साधनं फुकट मिळतात. एक सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीचं पॅकेट ट्रेसर, ते पडद्यावर लुटुपुटुचं नेटवर्क उभारतं. दुसरं वायरशार्क, ते खऱ्या लाइनवरची पॅकेट पकडून दाखवतं. डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये पहिलं सर्रास वापरलं जातं. दुसऱ्याचा एखादा प्रयोग जर्नलपुरता होतो आणि विषय मिटतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पॅकेट ट्रेसर चांगलं आहे, पण ते नियम शिकवतं. ते नियम खऱ्या लाइनवर कसे वागतात हे वायरशार्कमध्येच कळतं. दोन्हींपैकी एकच वापरलं तर शिक्षण अर्धवट राहतं, आणि ‘आधी हे पूर्ण करू, मग ते’ असा क्रम लावला तरी फायदा होत नाही. एक प्रोटोकॉल घ्यावा आणि तो त्याच दिवशी दोन्हीकडे पाहावा.

उतरवून घेताना

पॅकेट ट्रेसर सिस्कोच्या नेटवर्किंग ॲकॅडमीच्या साइटवरून मिळतं. ईमेल देऊन खातं उघडावं लागतं, पैसे पडत नाहीत. विंडोज, उबुंटू आणि मॅक तिन्हींवर चालतं. ४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवरही ते कुरकुर करत नाही, हा लॅबच्या दृष्टीनं मोठा गुण. सुरू करताना लॉगिन मागतं. तिथं लॉगिन तीन महिने लक्षात ठेवायचं बटण आहे, ते चालू करून ठेवा, नाहीतर इंटरनेट नसलेल्या दिवशी अडकाल. दुसरी अडचण आवृत्तीची. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. घरी नवीन आणि कॉलेजात जुनं अशी परिस्थिती नेहमीचीच असते, आणि सबमिशनच्या दिवशी ‘फाइल करप्ट झाली’ म्हणून जी रडारड होते ती बहुतेक वेळा यामुळेच. लॅबमध्ये जी आवृत्ती आहे तीच घरी टाका.

यातलं नेटवर्क बाहेरच्या खऱ्या नेटवर्कला जोडता येत नाही, हेही आधीच माहीत असू द्या. एका पॅकेट ट्रेसरमधून दुसऱ्या पॅकेट ट्रेसरला जोडता येतं, तेवढंच. आतल्या पीसीवरून खरी वेबसाइट उघडायचा खटाटोप करू नका.

खरा माल सिम्युलेशनमध्ये आहे

बहुतेक जण हा प्रोग्रॅम रिअलटाइम मोडमध्ये वापरतात. डिव्हाइस ओढले, वायर जोडल्या, पत्ते भरले, पिंग गेला, स्क्रीनशॉट घेतला, जर्नलला चिकटवला. असं वापरायचं असेल तर यात शिकण्यासारखं फार काही उरत नाही. उजव्या कोपऱ्यात खाली सिम्युलेशनचं बटण आहे. या प्रोग्रॅमची खरी किंमत त्या बटणामागे आहे.

सोपी मांडणी घ्या. एक २९११ राउटर, दोन २९६० स्विच, प्रत्येक स्विचला एक पीसी. एका बाजूला १९२.१६८.१०.०/२४, दुसऱ्या बाजूला १९२.१६८.२०.०/२४. (/२४ हा सबनेट मास्क, म्हणजे पत्त्याचे पहिले २४ बिट नेटवर्कचे.) राउटरच्या दोन्ही इंटरफेसना त्या त्या नेटवर्कचा .१ हा पत्ता द्या, इंटरफेस चालू करणारी ‘नो शटडाउन’ कमांड द्या, आणि पीसींना तोच पत्ता गेटवे, म्हणजे बाहेर जायची वाट, म्हणून भरा. स्विचच्या पोर्टवरचे दिवे आधी केशरी असतात आणि साधारण ३० सेकंदांनी हिरवे होतात. ही दिरंगाई प्रोग्रॅमची नाही. स्पॅनिंग ट्री (स्विचच्या जाळ्यात फेरा होऊ न देणारा प्रोटोकॉल) १५ सेकंद ऐकतं, १५ सेकंद शिकतं, आणि मग पोर्ट उघडतं. घाई असेल तर वेळ पुढे ढकलणारं बटण दाबा. पण दिवे हिरवे झाल्याशिवाय सिम्युलेशनमध्ये जाऊ नका. तिथं तुम्ही पुढं चाल दिल्याशिवाय घड्याळ सरकत नाही, मग केशरी दिव्याकडे बघत बसावं लागतं.

सिम्युलेशनमध्ये गेल्यावर पहिलं काम फिल्टरचं. सगळं दिसू दिलं तर एसटीपी (म्हणजे स्पॅनिंग ट्री), सीडीपी, डीटीपी या उपकरणांच्या आपसातल्या प्रोटोकॉलची पाकिटं पडदाभर फिरत राहतात आणि हवं ते सापडत नाही. सगळे फिल्टर काढा आणि फक्त एआरपी आणि आयसीएमपी (पिंग याच प्रोटोकॉलचा) ठेवा. मग पहिल्या पीसीच्या कमांड प्रॉम्प्टवरून दुसऱ्याला पिंग करा आणि एकेक पायरी पुढं जा.

पीसीवर दोन पाकिटं तयार झालेली दिसतील. पिंगचं पाकीट तिथंच थांबतं आणि एआरपीचं निघतं. एआरपीच्या पाकिटावर क्लिक करून आत पाहा, त्यात पत्ता १९२.१६८.१०.१ चा विचारलेला आहे, म्हणजे गेटवेचा. ज्याला पिंग केलं त्याचा नाहीच. पीसीनं स्वतःचा मास्क लावून बघितलं, पलीकडचा माणूस आपल्या नेटवर्कमधला नाही हे ओळखलं, आणि गेटवेचा मॅक पत्ता मागितला. सबनेट मास्क ‘कशासाठी असतो’ या प्रश्नाचं उत्तर तोंडानं वीस मिनिटं समजावून जेवढं पोचत नाही तेवढं या एका पाकिटात दिसतं.

पहिल्या पिंगचं पाकीट राउटर टाकून देतो, त्याचं कारण पुढे येईल. म्हणून दुसऱ्या पिंगचं पाकीट राउटरपर्यंत जाऊ द्या आणि राउटरवर असताना त्यावर क्लिक करा. खिडकीत तीन टॅब असतात: थरांची माहिती, आत आलेलं पॅकेट, बाहेर जाणारं पॅकेट. शेवटचे दोन आलटून पालटून पाहा. आयपी पत्ते दोन्हीकडे तेच. मॅक पत्ते मात्र दोन्ही बदललेले, आणि टीटीएल, म्हणजे पॅकेटला अजून किती राउटर ओलांडता येतील तो आकडा, एकानं कमी. राउटिंग म्हणजे काय याची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही. थरांच्या टॅबमध्ये प्रत्येक थरावर क्लिक केलं की त्या डिव्हाइसनं तिथं काय निर्णय घेतला हे क्रमांकवार वाक्यांत लिहिलेलं असतं. भाषा कोरडी आहे, पण ती वाक्यं वाचायचा कंटाळा करू नका. पाकीट कुठं मेलं आणि का मेलं हे तिथंच लिहिलेलं असतं.

पहिल्या खेपेला चारपैकी पहिला पिंग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणून फुकट जातो आणि उरलेले तीन पोचतात. हे पाहून कॉन्फिगरेशनमध्ये चूक शोधत बसणारे पुष्कळ. चूक नसते. राउटरला पलीकडच्या पीसीचा मॅक माहीत नसतो. तो एआरपी पाठवतो आणि उत्तर येईपर्यंत हातातलं पॅकेट टाकून देतो. खरे सिस्को राउटरही असंच करतात, राउटरवरूनच पिंग केला तर पाचपैकी एक टिंब आणि चार उद्गारचिन्हं येतात. लगेच दुसऱ्यांदा पिंग करा, सगळे पोचतील.

इथं एक प्रयोग मुद्दाम बिघाड करून करावा. एकाच स्विचवर दोन पीसी ठेवा. एकाला १९२.१६८.१.१० आणि मास्क /२४ द्या, दुसऱ्याला १९२.१६८.१.२०० आणि मास्क /२५. गेटवे दोघांचाही रिकामा. पहिल्याच्या हिशेबात दुसरा शेजारी आहे. दुसऱ्याच्या हिशेबात पहिला परगावचा आहे, आणि परगावी जायला त्याच्याकडे वाट नाही. पिंग जात नाही. वरवर पाहणाऱ्याला दोन्ही पत्ते ‘१९२.१६८.१’ने सुरू झालेले दिसतात आणि तो केबल बदलत बसतो.

जिथं विद्यार्थी हमखास अडतात

राउटरमध्ये जादा मॉड्यूल बसवायचं असेल तर आधी त्याचा पॉवर स्विच बंद करावा लागतो, आणि बंद करताच सेव्ह न केलेलं सगळं कॉन्फिगरेशन उडतं. म्हणून आधी मॉड्यूल, मग कमांड. कमांड झाल्यावर ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’. ३६५० स्विच घेतला आणि त्यावर एकही दिवा लागला नाही तर घाबरू नका. तो वीजपुरवठ्याच्या मॉड्यूलशिवाय येतो. फिजिकल टॅबमध्ये जाऊन पॉवर सप्लाय ओढून बसवावा लागतो.

प्रॉम्प्टवर कमांड चुकली की राउटर तो शब्द एखाद्या यंत्राचं नाव समजून डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा) सर्व्हर शोधायला जातो आणि पडदा बराच वेळ अडकून राहतो. सुरुवातीलाच ‘नो आयपी डोमेन-लुकअप’ टाकलं की हा ताप संपतो.

सर्व्हरच्या बाबतीत गंमत अशी की एचटीटीपी सुरुवातीपासून चालू असतं, पण डीएनएस आणि डीएचसीपी (पीसींना आपोआप पत्ते वाटणारी सेवा) बंद असतात. डीएनएसमध्ये नाव-पत्त्याची जोडी भरून लोक बाहेर येतात आणि वरचं ‘ऑन’ बटण दाबायचं विसरतात. डीएचसीपीमध्ये ‘सर्व्हरपूल’ नावाचा एक संच आधीच ठेवलेला असतो. नवा तयार करण्याआधी त्याचे आकडे तपासा. पीसीला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला तर सर्व्हरचं उत्तर पोचलेलं नाही. सर्व्हर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचवर पाडलेल्या वेगळ्या नेटवर्कमध्ये) असेल तर पत्ता मागणारी पीसीची हाक, म्हणजे ब्रॉडकास्ट, राउटर ओलांडत नाही. पीसीच्या बाजूच्या इंटरफेसवर ‘आयपी हेल्पर-ॲड्रेस’ द्यावा लागतो.

व्हीलॅन आणि ट्रंक (अनेक व्हीलॅन एकाच तारेवरून नेणारी जोडणी) यांच्या सरावाला मात्र पॅकेट ट्रेसरला तोड नाही. एका राउटरच्या एकाच पोर्टवर दोन सबइंटरफेस करायचे, प्रत्येकाला ‘एन्कॅप्सुलेशन डॉट१क्यू’ (फ्रेमवर व्हीलॅनची खूण लावायची पद्धत) आणि व्हीलॅनचा क्रमांक द्यायचा, त्यानंतरच पत्ता द्यायचा. क्रम उलटा केला तर पत्ता स्वीकारलाच जात नाही. ‘नो शटडाउन’ मूळ इंटरफेसवर. स्विचच्या बाजूला २९६० वर थेट ‘स्विचपोर्ट मोड ट्रंक’ चालतं. ३५६० वर तीच कमांड नाकारली जाते, कारण त्याला दोन प्रकारचं एन्कॅप्सुलेशन येतं आणि कोणतं वापरायचं हे आधी सांगावं लागतं. दोन स्विचच्या नेटिव्ह व्हीलॅनचे (ट्रंकवर खूण न लावता जाणाऱ्याचे) क्रमांक जुळले नाहीत की सीडीपी पडद्यावर तक्रारीची ओळ टाकत राहतं. ती त्रासदायक वाटते, पण ती ओळ वाचणारा विद्यार्थी पाच मिनिटांत चूक काढतो, न वाचणारा तास घालवतो.

ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी एकमेकांकडून मार्ग शिकायचा एक प्रोटोकॉल, हासुद्धा इथं नीट शिकता येतो. एरिया ० मध्ये तीन राउटर त्रिकोणात जोडा. ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’मध्ये ‘फुल’ दिसेपर्यंत थांबा, मग एक वायर तोडा आणि राउटिंग टेबल पुन्हा पाहा. मग एका बाजूचा हॅलो टायमर (शेजाऱ्याला किती सेकंदांनी हाक द्यायची तो आकडा) १० ऐवजी २० करा. शेजारी तुटतो आणि परत जुळत नाही, कारण हॅलो आणि डेड (किती वेळ हाक आली नाही की शेजारी गेला समजायचं) हे दोन्ही आकडे दोन्ही टोकांना सारखे लागतात. त्याच नेटवर्कवर आरआयपी हा दुसरा राउटिंग प्रोटोकॉल आणि ओएसपीएफ दोन्ही चालवून पाहिलं तर टेबलमध्ये ओएसपीएफचाच मार्ग बसतो. त्याचं ‘अंतर’ (ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स, म्हणजे मार्गावरच्या भरवशाचा आकडा) ११०, आरआयपीचं १२०, कमी आकडा जिंकतो. हाताने घातलेल्या स्टॅटिक मार्गाचं १, म्हणून विसरून राहिलेला एक चुकीचा स्टॅटिक मार्ग सगळ्या डायनॅमिक राउटिंगवर पाणी फिरवतो.

कॉन्फिग नावाच्या टॅबमध्ये रकाने भरून कमांड आपोआप टाकता येतात. तो टॅब शिकताना वापरू नये असं मी ठामपणे म्हणेन. सिस्कोच्या सीसीएनए या प्रमाणपत्राच्या परीक्षेत हाताने कमांड द्याव्या लागतात, आणि कामावर तर रकाने नसतातच. सराव-फाइलींमधली शेकडा किती पूर्ण झालं ते दाखवणारी पट्टीही फसवी आहे. ती शेवटचं कॉन्फिगरेशन तपासते. विचार करून लिहिलं की मित्राचं उतरवलं, तिला फरक पडत नाही.

पॅकेट ट्रेसरची कुंपणं

हा सिम्युलेटर आहे. आत सिस्कोची खरी प्रणाली चालत नाही, तिच्यासारखं वागणारा प्रोग्रॅम चालतो. त्यामुळे पुष्कळ कमांड नसतातच. प्रश्नचिन्ह टाइप केल्यावर जे दिसेल तेवढंच. बीजीपी (इंटरनेटवरच्या मोठ्या नेटवर्कांमधला राउटिंग प्रोटोकॉल) फक्त दोन वेगळ्या एएसमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या संस्थांच्या ताब्यातल्या नेटवर्कांमध्ये, चालतं. एकाच एएसमधला शेजारी दिला की ‘हे जमत नाही’ असा संदेश येतो. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीत काम करायचं असेल तर ही मोठीच उणीव.

त्याहून मोठी उणीव वेळेची. इथली तार कधी भरून वाहत नाही आणि पॅकेट गर्दीत हरवत नाही. त्यामुळे टीसीपीचा गाभा, म्हणजे पॅकेट हरवल्यावर वेग कमी करणं, पुन्हा पाठवणं, खिडकी (एका वेळी किती माल पाठवायचा ती मर्यादा) लहान-मोठी करणं, हे इथं समजत नाही. कनेक्शन सुरू करणारं तीन पायऱ्यांचं हँडशेक फिल्टरमध्ये टीसीपी टिकलं की दिसतं, पण ते चित्रासारखं दिसतं. डीएनएसही तसंच. एक प्रश्न, एक उत्तर, काम झालं. कॅशे, मुदत, ब्राउझरचे स्वतःचे उद्योग यातलं काही नाही.

म्हणून वायरशार्क

वायरशार्क १९९८ मध्ये जेराल्ड कोम्ब्स यांनी ‘इथीरियल’ या नावानं सुरू केलं. नावाच्या हक्काच्या अडचणीमुळे २००६ पासून ते वायरशार्क झालं. मुक्त सॉफ्टवेअर आहे, खातं-बितं काही लागत नाही. विंडोजवर टाकताना एनपीकॅप हा पॅकेट पकडणारा ड्रायव्हर सोबत टाकू द्या, त्याच्याशिवाय एकही नेटवर्क कार्ड दिसणार नाही. लिनक्सवर स्वतःला ‘वायरशार्क’ गटात घालून एकदा बाहेर पडून पुन्हा आत या. सुरुवातीच्या पानावर कार्डांची यादी येते. ज्याच्यापुढची रेघ हलते आहे ते तुमचं.

दोन गोष्टी आधीच सांगतो. एक, स्विचवर किंवा वायफायवर बसून शेजाऱ्याचा ट्रॅफिक दिसेल ही अपेक्षा ठेवू नका. स्वतःचा आणि ब्रॉडकास्टचाच दिसतो. दोन, परवानगी नसलेल्या नेटवर्कवर कॅप्चर करू नका. शिकायला घरचं कनेक्शन भरपूर आहे.

फिल्टर दोन प्रकारचे असतात आणि त्यांची भाषा वेगळी असते, इथं जवळजवळ प्रत्येक जण ठेचकाळतो. कॅप्चर सुरू होण्याआधीच्या फिल्टरमध्ये ‘पोर्ट ५३’ असं साधं लिहायचं. कॅप्चर झाल्यावरच्या पट्टीत ‘यूडीपी.पोर्ट == ५३’ असं. दोन्ही अर्थातच लहान इंग्रजी अक्षरांत. पट्टी हिरवी झाली तर फिल्टर बरोबर, लाल झाली तर चूक. शिकताना कॅप्चर फिल्टर रिकामाच ठेवा. जे पकडलंच नाही ते नंतर कुठून आणणार?

सुरुवात पुन्हा एआरपीपासून करा. विंडोजवर ॲडमिनिस्ट्रेटरच्या प्रॉम्प्टवर ‘एआरपी -डी’ देऊन टेबल रिकामं करा, कॅप्चर चालू करा आणि राउटरला पिंग करा. तुमच्या मशीननं पाठवलेली एआरपी फ्रेम ४२ बाइटची दिसेल: १४ इथरनेटच्या डोक्याच्या, २८ एआरपीच्या. वायरच्या कनेक्शनवर समोरून आलेलं उत्तर मात्र ६० बाइटचं असतं. इथरनेटची किमान फ्रेम शेवटच्या ४ बाइटच्या तपासणीसकट ६४ असावी लागते, म्हणून उरलेल्या जागेत शून्यं भरली जातात. तुमच्या बाजूनं ही भर कार्ड घालतं आणि वायरशार्क त्याच्या आधीच फ्रेम पाहतं, म्हणून ४२. असा फरक पॅकेट ट्रेसरमध्ये कधीच दिसणार नाही, आणि एकदा समजला की वायरशार्क नेमकं कुठं उभं राहून बघतं हे कायमचं लक्षात राहतं.

पिंगची फ्रेम विंडोजवर ७४ बाइटची: १४, मग आयपीच्या २०, आयसीएमपीच्या ८, आणि ३२ बाइट माल. माल उघडून पाहा, इंग्रजी वर्णमाला ‘डब्ल्यू’पर्यंत जाऊन पुन्हा ‘ए’पासून सुरू झालेली दिसेल. लिनक्सवर माल ५६ बाइटचा, म्हणून फ्रेम ९८ ची. उत्तरातला टीटीएलही वाचा. ६४ च्या आसपास असेल तर समोर बहुधा लिनक्स, १२८ च्या आसपास विंडोज, २५५ च्या आसपास सिस्कोसारखं नेटवर्क उपकरण. सुरुवातीच्या आकड्यातून जे कमी झालं तेवढे राउटर मध्ये पडले.

डीएनएस पाहताना ब्राउझर वापरू नका. आजकाल ब्राउझर डीएनएसचे प्रश्न एचटीटीपीएसमध्ये गुंडाळून पाठवू शकतो, मग फिल्टर लावून बसलात तरी पडदा रिकामा. ‘एनएसलुकअप’ ही कमांड वापरा. प्रश्न आणि उत्तर यांच्यावर एकच व्यवहार क्रमांक असतो, उत्तराची जोडी त्यावरून लागते. उत्तराच्या मुदतीचा आकडा सेकंदांत असतो. थोड्या वेळानं तोच प्रश्न पुन्हा विचारा. वाटेतल्या सर्व्हरनं कॅशेमधून उत्तर दिलं असेल तर आकडा उतरलेला दिसतो.

टीसीपीच्या हँडशेकसाठीही ब्राउझर नको. मोठ्या साइट क्विकवर चालतात, म्हणजे यूडीपीच्या ४४३ पोर्टवर, आणि मग ‘टीसीपी’ फिल्टरमध्ये हँडशेक सापडत नाही म्हणून डोकं खाजवायची वेळ येते. प्रॉम्प्टवरून वेबपान मागवणारं ‘कर्ल’ विंडोज १० पासून सोबतच येतं. ‘कर्ल’ला साध्या एचटीटीपीची एखादी साइट द्या, नेव्हरएसएसएल डॉट कॉम खास त्याचसाठी आहे. सिन, सिन-ॲक, ॲक ही तीन पॅकेट ओळीनं येतात. बाइट मोजणारा सीक्वेन्स क्रमांक ० पासून सुरू झालेला दिसतो, पण ती वायरशार्कची सोय आहे. खाली उलगडून पाहिलं की खरा क्रमांक अब्जांच्या घरात असू शकतो, आणि दरवेळी वेगळा. सिनमध्ये एक बाइटही माल नसताना उत्तरात १ का येतो? कारण सिन स्वतः एक क्रमांक खातं. हाच प्रश्न तोंडी परीक्षेला विचारतात आणि उत्तर पाठांतरात नसतं.

सिनमधले पर्यायही वाचा. एमएसएस (एका पॅकेटात जास्तीत जास्त किती माल) बहुधा १४६०: इथरनेटवरच्या पॅकेटच्या १५०० च्या मर्यादेतून आयपीच्या २० आणि टीसीपीच्या २० वजा. विंडो स्केल फक्त सिनमध्येच सांगितलं जातं. म्हणून चालू असलेल्या कनेक्शनच्या मध्यात कॅप्चर सुरू केलं तर खिडकी फसव्या रीतीनं लहान दिसते, कारण गुणायचं कितीनं हे सांगणारं पॅकेट तुम्ही पाहिलेलंच नसतं. मंद कनेक्शनचं निदान करताना या चुकीनं भले भले फसतात.

आणखी एक चकवा. तुमच्या मशीनवरून बाहेर जाणारी काही पॅकेट २९०० किंवा त्याहून जास्त बाइटची दिसतात, वर चेकसमही (तपासणीचा आकडा) चुकीचा. लाइन बिघडलेली नाही. मोठा माल तुकडे करायला आणि चेकसम भरायला प्रणाली कार्डाकडे सोपवते, आणि वायरशार्क त्याच्या आधीच्या टप्प्यावर बघत असतं. लिनक्सवर ‘ईथटूल -के’ने (के मोठ्या लिपीतला) या सवलती बंद केल्या की पॅकेट १५१४ च्या आत येतात.

एचटीटीपीएसमध्ये माल दिसत नाही, पण ‘टीएलएस.हँडशेक.टाइप == १’ हा फिल्टर लावला तर पहिल्या नमस्कारातच साइटचं नाव बहुतेक वेळा उघडं वाचता येतं. ‘एनक्रिप्टेड आहे म्हणजे कुणालाच काही कळत नाही’ हा समज तिथंच गळून पडतो.

घरच्या ब्रॉडबँडवर करून पाहण्यासारखं

इथं लोकल केबलवाल्याचं कनेक्शन कामाला येतं. विंडोजवर ‘पिंग -एफ -एल १४७२’ देऊन बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग करा. १४७२ अधिक ८ अधिक २० म्हणजे १५००. ‘फ्रॅगमेंट करावं लागेल’ असा संदेश आला तर १४६४ करून पाहा. ते गेलं तर कनेक्शन बहुधा पीपीपीओई (लॉगिन करून जोडलं जाणारं) आहे, त्याचं डोकं ८ बाइट खातं आणि १४९२ उरतात. काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर अडकतात, आणि पिंग मात्र सगळीकडे जातो, अशा तक्रारीचं मूळ पुष्कळदा या ८ बाइटमध्ये असतं. लहान पॅकेट सुटतात, पूर्ण भरलेली अडकतात, आणि ‘मोठं आहे, लहान करा’ हा आयसीएमपीचा निरोप वाटेत कुणीतरी फायरवॉलनं गिळलेला असतो.

राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ताही बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर कंपनीनं तुम्हाला आणखी एका नॅटच्या (आतले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे लपवणाऱ्या यंत्रणेच्या) मागे ठेवलंय. पॅकेट ट्रेसरमध्ये नॅट एकदाच होतं. घरी दोनदा होतं, आणि कॅमेऱ्यासाठी कितीही पोर्ट फॉरवर्ड केले तरी बाहेरून काही येत नाही ते याचमुळे.

कुणी काय घ्यावं

डिप्लोमा, बीएस्सी आयटी किंवा इंजिनिअरिंगला असाल, किंवा सीसीएनए २००-३०१ ची तयारी चालू असेल, तर पॅकेट ट्रेसर घ्याच, सराव तिथंच होईल. सीरियल केबल आणि क्लॉक रेट यांवर फार वेळ घालवू नका, जर्नलपुरतं करा आणि पुढं चला. सपोर्टची नोकरी करणाऱ्यानं उलट्या बाजूनं यावं. वायरशार्क रोजचं, पॅकेट ट्रेसर एखादी कल्पना तपासायला. ‘टीसीपी.ॲनालिसिस.रीट्रान्समिशन’ हा एक फिल्टर जरी हाताला बसला तरी ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीवर लाइनमध्ये पॅकेट हरवतायत की सर्व्हरच उत्तर द्यायला उशीर लावतोय, हे पुराव्यानिशी सांगता येतं.

पॅकेट ट्रेसर अपुरं पडायला लागलं की लोक थेट जीएनएस३ कडे धावतात. ते चांगलं आहे, पण त्यात चालवायला राउटरची खरी प्रणाली लागते, आणि सिस्कोची प्रणाली कायदेशीर मार्गानं मिळवणं विद्यार्थ्याला सोपं नाही. एएसच्या आतलं बीजीपी शिकायचं असेल तर लिनक्सवर ‘आयपी नेटएनएस’नं तीन नेमस्पेस (एकाच मशीनमधली वेगवेगळी नेटवर्कं) करून त्यांत एफआरआर हे मुक्त राउटिंग सॉफ्टवेअर चालवणं जास्त सोयीचं. कमांड सिस्कोच्या वळणाच्याच आहेत, पैसे पडत नाहीत, आणि त्याच मशीनवर वायरशार्क उघडून बीजीपीचा १७९ पोर्ट थेट पाहता येतो.